डॉक्टरबाईंच्या कपाटातली वही

डॉ. यशोधरा रणपिसे यांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली आणि त्या भांडणात बाईंनी माझं रक्त काढलं. अलंकारिक बोलत नाही, खरोखरच काढलं.

खोडदच्या बाजूला एका शाळेत मी गणित शिकवत होतो. शिस्तीचा मास्तर म्हणून माझा दरारा होता, आणि तो मला आवडायचाही. कबूल करायला काय हरकत आहे! एके दिवशी आठवीच्या वर्गात एक मुलगी बाकाखाली डोकं घालून बिस्किट खाताना दिसली. तिला मी तास संपेपर्यंत दाराबाहेर उभं केलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शिपाई सांगत आला, "सर, ओतूरच्या डॉक्टरबाई आल्यात. रागात हायेत, जरा जपून." बाई आपला दवाखाना सोडून, एसटीने, नारायणगावला गाडी बदलून, भर उन्हात आमच्या स्टाफरूममध्ये येऊन उभ्या होत्या.

"त्या मुलीची साखर उतरली होती, सर. हात कापत होते तिचे. बिस्किट खाल्लं म्हणून शुद्धीवर राहिली."

मी म्हणालो, "बाई, वर्गात खायचं नाही हा नियम आहे, आणि नियम सगळ्यांना सारखा."

"बरं," म्हणत त्यांनी पिशवीतून एक लहानसं मशीन काढलं. "बोट द्या."

सगळ्या सहकाऱ्यांसमोर नाही कसं म्हणणार? मी बोट पुढे केलं. सुई टचकन टोचली, मी "आई गं!" म्हणालो आणि मराठीच्या मॅडम फिस्सकन हसल्या. रक्ताचा थेंब पट्टीवर घेत डॉक्टरबाई म्हणाल्या, "हे ती रोज चार वेळा करते. वर इंजेक्शनं वेगळी. तुमच्या नियमात हे कुठे बसतं ते बघा आणि मला कळवा." मग मशीनकडे पाहून त्याच आवाजात म्हणाल्या, "तुमची साखर ठीक आहे. भात जरा कमी खा."

बाईंच्या एकसष्टीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी समितीने माझ्याकडे 'डॉक्टरबाई आणि शाळा' या विषयावर लेख मागितला. तो मी लिहितो आहे. पण वाचकांना आधीच सांगतो, या लेखात बाईंच्या थोरवीबरोबर माझा एक जुना अपराधही येणार आहे. तो वगळून मला बाईंबद्दल एक ओळही प्रामाणिकपणे लिहिता येणार नाही.

बाई मूळच्या महाळुंगे पडवळच्या. आजोबांच्या पिढीने धम्म स्वीकारला आणि त्याबरोबर घरात पुस्तकं आली, असं त्या सांगतात. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक. बाई शिकल्या पुण्यात, आणि तिथेच राहिल्या असत्या तर आज त्यांचा मोठा बंगला असता, हे त्यांच्या वर्गमैत्रिणीच मला सांगतात. बाई मात्र ओतूरला आल्या. दवाखाना सर्दी-तापाचा, बाळंतपणाचा, विंचू चावल्याचा, सगळ्याचाच. पण त्यांचा जीव अडकला तो लहानपणीच मधुमेह झालेल्या मुलांत, आणि त्यातही बारा ते अठरा वयाच्या. एकदा मी विचारलं, "याच वयाची का?" तर म्हणाल्या, "लहान पोराला आई टोचते, मोठा माणूस स्वतःचं स्वतः बघतो. मधल्या वयाचं पोर एकटं पडतं, सर. त्याला आई जवळ नको असते आणि सुई तर त्याहून नको असते."

ज्या मुलीला मी वर्गाबाहेर उभं केलं होतं, तिला इथे कोमल म्हणतो. हे नाव तिनेच निवडलं. "खरं नाव नका लिवू सर, अजून लगीन व्हायचंय माझं," असं म्हणून ती हसली. मला हसू आलं नाही.

कोमलचे वडील मेंढरं राखायचे. वर्षातले कितीतरी महिने ते कळपामागे फिरत, आणि सुट्टीत पोरगीही आईबरोबर वाड्यावर, म्हणजे शेतातल्या त्यांच्या मुक्कामावर, जायची. इन्सुलिन गार ठेवायला लागतं आणि रानात फ्रिज कुठला? बाईंनी कुंभाराकडून एक मोठं आणि एक लहान मडकं घेतलं. मोठ्यात ओली वाळू, वाळूत लहान मडकं, त्यात बाटली, वर ओलं फडकं. हे सगळं घेऊन त्या स्वतः त्या रानात गेल्या, कोमलच्या आईला दाखवलं, आणि पंधरा दिवसांनी फडकं ओलं राहतंय का हे बघायला पुन्हा गेल्या. त्या दिवशी कोमलच्या वडिलांनी, म्हणजे बाबूरावांनी (हेही नाव बदललेलं), त्यांना एक घोंगडी दिली. स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीची, काळीभोर. बाई कुणाकडून काही घेत नाहीत, पण ती घोंगडी त्यांनी घेतली.

आता पंगतीबद्दल. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बाईंच्या दवाखान्याच्या पडवीत या मुलांची पंगत बसते. जुन्नर-आंबेगावच्या गावागावांतून मुलं येतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा नऊ होती. बाजरीची भाकरी, मासवडी, रस्सा. पण ताटं वाढली की कोणी हात लावायचा नाही. आधी बाई सगळ्यांसमोर स्वतःचं बोट टोचून घेतात, स्वतःला मधुमेह नसताना. मग मुलं आपापलं बोट टोचतात, आकडा वहीत लिहितात, तिथेच बसून इन्सुलिन घेतात आणि मग जेवतात. घरी पाहुणे आले की न्हाणीत लपून सुई घेणारी पोरं तिथे मोकळेपणाने सदरा वर करून बसतात. एक जण दुसऱ्याला विचारतो, "तुला किती रे?" "मला दोनशे ऐंशी. लई आंबे हाणले राव!" आणि सगळे खिदळतात. हे पाहिलं आणि मी त्या पंगतीचा झालो. बाईंनी मला कामही दिलं. मुलांच्या वह्या बघायच्या, कोणाच्या पट्ट्या संपल्या, कोणाला गाडीची अडचण, हे टिपून ठेवायचं.

वह्या बघायच्या! मास्तरच्या हातात वही दिली तर तो काय करणार? मी खिशातलं तांबडं पेन काढलं.

चांगल्या आकड्यांच्या पानावर 'छान!' आणि वाईट पानावर 'असमाधानकारक. सुधारणा आवश्यक.' पुढे पुढे मला चेव आला. पंगत उठल्यावर 'या महिन्याची उत्तम वही' म्हणून एकाचं नाव मोठ्याने वाचून मी टाळ्या वाजवायला लावू लागलो. मुलं टाळ्या वाजवायची. कोणाच्या चेहऱ्यावर काय आहे हे बघायची मला गरज वाटली नाही.

बाईंनी दुसऱ्याच महिन्यात मला बाजूला घेतलं. "सर, तांबडं पेन घरी ठेवून येत जा."

"का हो बाई? मुलांना हुरूप येतो."

"आकडा वाईट आला तर तो मला दिसायला पाहिजे. तुम्ही वाईट आकड्याला रागावलात तर पोरं मला वाईट आकडा दाखवायचीच नाहीत. पेपर तपासल्यासारखं करू नका हो हे."

मला पटलं असं मी म्हणालो. आणि काय केलं असेल? पुढच्या महिन्यात हिरवं पेन घेऊन गेलो! अहो, मला वाटलं, तांबड्या रंगाने मुलं बिचकत असतील. बाईंनी हिरवे शेरे पाहिले, कपाळावर हात मारला आणि म्हणाल्या, "तुमच्यापुढे हात टेकले." मी हसलो. महिनाभराने हिरवं संपलं आणि पुन्हा तांबडं सुरू झालं. बाईंना वाटलं असेल, माणूस मनाचा चांगला आहे, हळूहळू समजेल. मी समजून घेतलं नाही.

कोमल दहावीत गेली. तोवर तिच्या वहीत चढउतार असायचे: कधी नव्वद, कधी तीनशे, पानाच्या कोपऱ्यात बोटाच्या रक्ताचा डाग. माझा 'असमाधानकारक' तिला बरेचदा मिळायचा. दिवाळीनंतर मात्र वही एकदम सुधारली. एकशे दहा, एकशे वीस, एकशे पंधरा. ओळीने सुरेख अक्षर, कुठे डाग नाही. मी हरखलो. लागोपाठ दोन महिने तिची 'उत्तम वही' जाहीर केली. दुसऱ्या वेळी पानभर 'छान! अशीच प्रगती ठेव' लिहिलं आणि खाली सही ठोकली. टाळ्या वाजत होत्या तेव्हा कोमल खाली बघून भाकरीचे तुकडे करत होती. तिचा गणवेश अंगावर लोंबायला लागला होता. मी म्हणालो, "दहावीचं टेन्शन! अभ्यासाने वाळलीस गं."

सराव परीक्षेत भूमितीच्या पेपरला मीच पर्यवेक्षक होतो. अर्धा तास झाला असेल, कोमल उठून खिडकीशी गेली आणि ओकली. पोट धरून जागेवर आली. मी पाणी दिलं. ती म्हणाली, "सर, मला घरी जाऊ द्या. लई कसंतरी व्हतंय." मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, "परीक्षेची भीती आहे ती. बोर्डाच्या पेपरला काय पळून जाणार आहेस? बस, पूर्ण कर." ती बसली. आणखी तासभर ती मुलगी तिथे बसून प्रमेयाची आकृती काढत राहिली. शेवटी पेन्सिल हातातून पडली आणि डोकं बाकावर टेकलं. मी जवळ गेलो तेव्हा ती धापा टाकल्यासारखा खोल खोल श्वास घेत होती.

मी बाईंना फोन लावला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "श्वास कसा आहे? तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास येतोय?" येत होता. "साखर फार वाढलीय तिची. गाडीत घाला, नारायणगावला आणा, मी निघाले." आम्ही तिथल्या लहान दवाखान्यात पोचलो आणि मागोमाग बाई आल्या. पायात एक चप्पल स्वतःची आणि एक कम्पाउंडरची होती. त्यांनी सलाइन लावलं, इन्सुलिन सुरू केलं आणि तिच्याबरोबर अॅम्ब्युलन्समधून पुण्याला गेल्या. कोमल पाच दिवस अतिदक्षता विभागात होती. त्यातले पहिले दोन दिवस कोणी काही सांगायला तयार नव्हतं. बाईंनी ओतूरचा दवाखाना बंद ठेवला आणि त्या तिथेच एका बाकड्यावर बसून राहिल्या.

पोरगी वाचली. शुद्धीवर आल्यावर तिने बाईंना सांगितलं, तेव्हा मी दाराशी उभा होतो. दिवाळीपासून ती शाळेतली दुपारची सुई घेतच नव्हती. मुतारीत उभं राहून घ्यायला लागायची, एकदा वर्गातल्या मुलींनी दार ढकललं आणि "ही बघा काय टोचून घेती" म्हणून ओरडल्या. मग पुढे पुढे सकाळचीही कधी घ्यायची, कधी नाही. घरी मामाकडचे पाहुणे आले की आई बाटली लपवून ठेवायची. पोरीला कोण करून घेईल ही तिला धास्ती. त्यात दहावी. "मला लई कंटाळा आला व्हता बाई," कोमल म्हणाली. "वाटायचं, एक दिवस तरी सुट्टी मिळावी. समद्याला मिळती, मलाच न्हाई. मग मशीन बी बंद केलं. पंगतीच्या आधी तेवढी सुई घ्यायची, तिथं आकडा बरा यावा म्हणून." बाईंनी विचारलं, "मग वहीतले आकडे?" कोमलने दाराकडे, माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली. "मनानंच लिवायची. सरांचं 'छान' मिळायचं ना. तेवढंच बरं वाटायचं."

माणसाने त्या क्षणी पुढे होऊन बोलायला हवं की नको? मी जिन्याने खाली गेलो आणि चहा प्यायलो.

खरा अपराध त्यापुढचा आहे. कोमल घरी आल्यावर बाबूराव, तिचे मामा आणि गावातले चार जण बाईंच्या दवाखान्यात गेले. योगायोगाने मी तिथे होतो. बाबूरावांचा आवाज चढला होता. "दर म्हयन्याला पोरगी तुमच्याकडं येत व्हती. जेवू घालता, बोटं टोचता, आन पोरगी मराया टेकली तरी तुमाला कळलं न्हाई? कसल्या डाक्टर तुमी?" मामांनी विचारलं, "ती वही कुठंय? दाखवा आमाला, काय लिवलंय त्यात."

शेवटच्या पंगतीनंतर कोमलची वही दवाखान्यातच राहिली होती. त्या वहीत पानोपानी माझे शेरे होते, खाली माझी सही होती. त्याच महिन्यात माझ्या मुख्याध्यापकपदाची मुलाखत होती आणि संस्थेच्या लोकांत मामांचं उठणंबसणं होतं.

बाई म्हणाल्या, "वही सापडत नाहीये. आणि तुम्ही म्हणता ते खरं आहे. मला कळायला हवं होतं. माझं चुकलं."

एवढंच. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत उभा होतो. मला वाटलं, वही हरवली, देवच पावला. हो, हेच वाटलं मला, कशाला लपवू?

त्यानंतर बाईंचे जे हाल झाले ते या तालुक्यातल्या अनेकांना आठवत असतील. एसटी स्टँडवर, बाजारात, लग्नकार्यात एकच बोलणं, रणपिसे डॉक्टरांनी पोरगी मरायला टेकवली. पालकांनी मुलं पाठवायचं बंद केलं. पंगत दोन मुलांवर आली आणि मग चौदा महिने बंद पडली. बाई त्या काळात दुचाकी घेऊन मुलांच्या घरी जात. काहींनी दारातून परत पाठवलं. मंचरकडचा एक मुलगा तर पुन्हा आलाच नाही. तो कुठे आहे, कसा आहे, हे आजही आम्हाला माहीत नाही. मी मुख्याध्यापक झालो. सत्काराला बाई आल्या होत्या, गुलाबाचं फूल घेऊन.

माझं तांबडं पेन तेव्हा कायमचं बंद झालं, हे खरं. शाळेत एका खोलीला आतून कडी बसवून घेतली, तिथे खाट ठेवली, कोणत्याही मुलाने येऊन निवांत सुई घ्यावी म्हणून. वर्गात बिस्किट खायची मुभा लेखी काढली. लोक माझं कौतुक करायचे आणि मी ते घ्यायचो.

कोमलचं ते वर्ष गेलं. पुढच्या वर्षी ती पास झाली, मग कॉलेज केलं, आणि आता नारायणगावजवळ एका रोपवाटिकेत ती टोमॅटोच्या रोपांचं सगळं बघते. ओतूरची पायरी मात्र तिच्या घरच्यांनी तिला पुन्हा चढू दिली नाही. बाई तिला फोन करायच्या, ती घरच्यांच्या नकळत उचलायची.

या वर्षी गौरवग्रंथासाठी जुने फोटो हवे होते म्हणून मी बाईंच्या घरी गेलो. "कपाटात बघा, खालच्या कप्प्यात," म्हणून त्या चहा टाकायला आत गेल्या. फोटोंच्या पाकिटाखाली एक दोनशे पानी वही होती, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली. मी उघडली. एकशे दहा. एकशे वीस. एकशे पंधरा. आणि पानभर तांबड्या शाईत, 'छान! अशीच प्रगती ठेव.' खाली माझी वळणदार सही.

बाई कप घेऊन आल्या, वहीकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला.

"बाई, ही तर हरवली होती ना?"

"हरवली होती," त्या म्हणाल्या. "चहा घ्या, निवतोय."

"का केलंत असं? माझं नाव का नाही सांगितलंत?"

बाई म्हणाल्या, "मोठेपणा वगैरे काही नाही, सर. मला तुमचा संताप आला होता. वर्षभर तुमचं तोंड बघावंसं वाटत नव्हतं. पण ती माणसं तुम्हाला त्या शाळेत राहू देणार नव्हती, आणि पुढच्या पोरीची साखर वर्गात उतरली की तिला बिस्किट कोण खाऊ देणार, हे मला दिसत होतं. दवाखान्याला दुसरा डॉक्टर मिळतो. शाळेतला आपला माणूस मला परत कुठून मिळणार होता?" पुढे म्हणाल्या, "आणि मी तेव्हा खोटं बोलले ते फक्त वहीबद्दल. माझं चुकलं म्हणाले ते खरंच होतं. शेवटच्या पंगतीला ती स्वच्छ वही बघून मला शंका आली होती. रक्ताचा एक डाग नाही, असं कधी होतं का? पण सगळ्यांसमोर विचारलं तर पोरगी लाजेल म्हणून मी पुढच्या रविवारी एकटीला विचारायचं ठरवलं. तेवढा उशीर माझाच."

"तुम्ही मला कधी बोलला का नाहीत?"

"वाट बघत होते," बाई म्हणाल्या. "तुम्ही आपणहून बोलाल म्हणून."

आठ वर्षं बाईंनी वाट पाहिली. चहा तसाच ठेवून, वही उचलून मी निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वही घेऊन मी खोडदला बाबूरावांकडे गेलो. मेंढरं त्यांनी आता कमी केलीत, थोडी शेती करतात. अंगणातून खोडदच्या त्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या पांढऱ्या तबकड्या दिसतात; बोलताना मी बराच वेळ तिकडेच बघत होतो. सगळं सांगितलं. पेन, टाळ्या, भूमितीचा पेपर, दवाखान्यात गप्प उभा राहिलो ते. त्यांना वाचायला फारसं येत नाही, पण तांबडी शाई त्यांना कळली. पानं उलटता उलटता ते थांबले. मला वाटलं, आता हात उचलतील. उचलला असता तर बरं झालं असतं.

ते म्हणाले, "कोमलची आय गेली परसाल. शेवटपोतर बाईंनाच बोल लावत व्हती. बाई आल्या व्हत्या भेटाया, मातीच्या दिवशी. मी फाटकात आडवा झालो. म्हणलं, तुमी आत यायचं न्हाई. त्या उनात उभ्या राह्यल्या आन माघारी गेल्या." त्यांनी वही मिटली. "सर, माझ्या बायकूला खरं कळाया पायजे व्हतं. ते आता कसं करायचं, सांगा तुमी."

मी गणिताचा मास्तर. आयुष्यभर पोरांना उत्तरं काढायला लावली. याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि नाही. कोमल दारात उभी राहून ऐकत होती. तिने बापाच्या पाठीवर हात ठेवला आणि मला म्हणाली, "सर, मी बी खोटंच लिवलं व्हतं. पण मी पंधराची व्हते."

पोरीने दुसरं काही बोलायची गरज नव्हती.

निघताना बाबूराव फाटकापर्यंत आले. तिथे थांबून खाली बघत विचारलं, "बाईंना मी एक घोंगडी दिली व्हती. टाकली आसंल त्यांनी."

मी सांगितलं, "नाही टाकली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बाई पंगतीत तिच्यावरच बसतात. पंगत बंद होती तेव्हा उन्हात घालून, झटकून ठेवायच्या. मी पाहिलंय."

बाबूरावांनी तोंडाला उपरणं लावलं. हा साठीतला मेंढपाळ माझ्यासमोर लहान मुलासारखा रडला आणि मी बाजूला उभा राहिलो. नंतर म्हणाले, "येतो म्हणावं. येत्या रविवारी. बसू देतील का?"

हा लेख छापायला देण्याआधी मी बाईंना वाचून दाखवला. माझं नाव आणि वही तेवढी काढून टाका, असं त्यांनी तीनदा सांगितलं. बाई, तुमचं म्हणणं मी आजवर अनेकदा ऐकलं नाही. आणखी एकदा ऐकत नाही. ज्या ज्या पालकांनी तेव्हा तुम्हाला नावं ठेवली, त्या सगळ्यांनी हे वाचावं, आणि बोल लावायचा तर मला लावावा.

डॉ. यशोधराबाईंनी साठ वर्षं पूर्ण केली. त्यांना उदंड आयुष्य मिळो, गुडघे शाबूत राहोत, दुचाकी त्यांनी आता जरा सावकाश चालवावी, आणि स्वतःचं जेवण वेळेवर घ्यावं. मुलांना सांगतात तेवढं तरी. यात माझाही स्वार्थ आहे. तुमची आठ वर्षं मी खाल्ली, बाई. ती परत करायची कशी ते मला येत नाही, म्हणून पुढची तुम्हाला भरपूर मिळोत एवढंच मागतो.

येत्या रविवारी घोंगडीवर तुमच्या शेजारची जागा बाबूरावांसाठी ठेवा. कोमलही येते आहे. ताटं वाढून झाली की नेहमीप्रमाणे तुम्ही स्वतःचं बोट पुढे कराल. या वेळी थांबा. मशीन माझ्याकडे वळवा आणि पहिलं बोट माझं टोचा, सगळ्यांसमोर. जो आकडा येईल तो मी वहीत लिहीन, जसा असेल तसा.